आखणीमास्तर

कुठल्याही देवाला नाही म्हणणं ज्यांना जमत नाही, अशा माणसांची एक तऱ्हा आहे. ती सगळ्या धर्मांत सापडते. पण ख्रिस्ती मंडळीत सापडली की जरा जास्तच उठून दिसते, कारण दहा आज्ञांपैकी पहिलीच तिच्या मुळावर येते. आमचे आखणीमास्तर या तऱ्हेचे. खरं सांगायचं तर ते एकटे एक गृहस्थ नव्हेत. ओळखीच्या दोन-चार माणसांचे गुण गोळा करून मी हे मास्तर उभे केले आहेत. तेव्हा ‘हा मीच’ असं म्हणून कोणी रागावू नये. रागावलाच, तर मास्तर करतात तसं करावं: राग गिळावा आणि माझ्यासाठी चार ठिकाणी प्रार्थना सांगून ठेवावी.

राहणार जिते. पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा सोडते, त्यानंतर जिते, मग हमरापूर, मग पेण. स्टेशन लहान, थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. पण गणेशचतुर्थीला महाराष्ट्रभर घराघरांत जे बाप्पा बसतात, त्यांतल्या कितीतरी जणांचं माहेर या पट्ट्यात आहे. इतरांकडे गणपती भाद्रपदात येतात. इथे ते बाराही महिने मुक्कामाला असतात: ओटीवर, पडवीत, माळ्यावर, ताडपत्रीखाली, कुणी बिनरंगाचे, कुणी बिनहातांचे, ओळीनं वाळत बसलेले.

या गणपतींच्या गावी एक ख्रिस्ती घर आलं ते रेल्वेमुळे. आपट्यापासून रोह्यापर्यंत रूळ पडले आणि 1986 साली गाडी सुरू झाली. त्या कामावर मास्तरांचे वडील नगर जिल्ह्यातून गँगमन म्हणून आले. नगरला अमेरिकन मराठी मिशननं 1831 साली ठाणं मांडलं होतं, आणि मास्तरांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा त्याच मिशनच्या एका खेड्यात झालेला. म्हणजे घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. मास्तर स्वतः मात्र जित्यात वाढले, हमरापूरच्या कारखान्यांतून हुंदडले, आणि मिसरूड फुटायच्या आत त्यांच्या हातात कुंचला आला.

गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढणारा वेगळा, काथ्या-प्लास्टर भरणारा वेगळा, पॉलिश पेपर मारणारा वेगळा, अंगाला रंग देणारा वेगळा. सगळ्यांचं झालं की शेवटी येतो तो आखणीवाला. डोळे तो उघडतो. केसाएवढा हात हलला तरी बाप्पा रागावलेला दिसतो, आणि रागावलेला बाप्पा गिऱ्हाईक घरी नेत नाही. मास्तरांचा हात हलत नाही. श्वास रोखून ते भुवईची रेघ ओढतात तेव्हा बाजूची पोरंसुद्धा मोबाईल बंद करतात. हात असा स्थिर असलेल्या माणसाचं मन इतकं डळमळीत कसं, हे कोडं आमच्या पाळकसाहेबांना आजवर सुटलेलं नाही.

मास्तरांचं मन समजून घ्यायचं तर आधी त्यांचा खिसा पाहावा. शर्टाच्या खिशात नव्या कराराची अंगठ्याएवढी प्रत. पाकिटात वांद्र्याच्या मोतमावलीचं चित्र, त्याच्यामागे पालीचा बल्लाळेश्वर, त्याच्यामागे रोह्याचे धावीर महाराज. धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. ‘ज्यांना सरकार सलाम करतं त्यांना मी कोण न करणारा?’ असा मास्तरांचा बिनतोड प्रश्न असतो. मोबाईलच्या कव्हरात एक क्रूस, आणि क्रुसाला लागू नये म्हणून त्याच्या शेजारी कागदात गुंडाळलेला अंगारा. मास्तर सगळ्यांचा मान राखतात. एकावर एक ठेवत नाहीत. शेजारी शेजारी ठेवतात.

आठवड्याची मांडणीही तशीच. रविवारी सकाळी पनवेलला आमच्या मंडळीत उपासना. मंगळवारी मटण-मासळी बंद. बुधवारी जमेल तेव्हा पनवेल, वडाळा अशा गाड्या बदलत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेना. ही नोव्हेना 1948 पासून दर बुधवारी चालू आहे, आणि रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात. त्यामुळे तिथे मास्तरांना घरच्यासारखं वाटतं. शुक्रवारी रात्री पेणमधल्या एका हॉलमध्ये उपास-प्रार्थना, टाळ्या, हालेलुया आणि कपाळावर तेल. शनिवारी घरात तेल विकत आणत नाहीत. हे शनीसाठी, की याच जिल्ह्यात पूर्वी शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएली ज्यू ‘शनिवार तेल्यां’च्या मानासाठी, असं मी एकदा विचारलं. ‘ज्याला जो लागू होईल तो,’ मास्तर म्हणाले.

हा स्वभाव त्यांना जन्मतः नव्हता. तो 2010 साली लागला. त्या वर्षी पेणच्या मोठ्या सहकारी बँकेचे व्यवहार रिझर्व्ह बँकेनं गोठवले आणि तालुकाभरच्या ठेवीदारांच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तरांची होती नव्हती ती पुंजी त्या एकाच बँकेत. त्या दिवशी मास्तरांनी कानाला खडा लावला: सगळं एका जागी ठेवायचं नाही. पैशापुरता हा धडा रास्त होता. मास्तरांनी तो देवालाही लावला. तेव्हापासून त्यांची भक्ती मुदत ठेवीच्या हिशेबानं चालते. थोडी इथे, थोडी तिथे, मुदती वेगवेगळ्या, आणि कुठे किती लवकर फळ मिळतं याची चौकशी सदैव चालू.

‘पाळकसाहेब, एक बुडाली तरी बाकीच्या शाबूत राहतात,’ एकदा ते बोलून गेले.

‘काय बुडाली तरी?’ पाळकसाहेबांनी विचारलं.

‘नाही म्हणजे, तसं नाही. प्रभू कशाला बुडेल? पण आपण आपलं सावध असावं.’

पाळकसाहेब पुण्याच्या सेमिनरीत शिकलेले, वाचणारे, आणि मूळचे शांत. मास्तर हे देवानं आपल्या शांतपणाची परीक्षा घ्यायला जित्यात वसवलेले आहेत, असं त्यांचं मत. त्यांनी मास्तरांना आधी धंद्याच्या बाजूनं गाठायचं ठरवलं. इसवी सन 200 च्या सुमारास कार्थेजमध्ये तर्तुल्यन नावाचा ख्रिस्ती लेखक होता. मूर्तिपूजेविरुद्ध त्यानं अख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यात मूर्ती घडवून पोट भरणाऱ्या ख्रिस्ती कारागिरांना फैलावर घेतलं. ‘दुसरं काही येत नाही’ ही त्यांची सबब त्यानं धुडकावली. गिलावा करणाऱ्याला छप्पर दुरुस्त करता येतं, भिंत लिंपता येते. लाकडातून देव कोरणाऱ्याला कपाट करणं तर त्याहून सोपं, असं त्याचं म्हणणं.

मास्तरांनी लक्षपूर्वक ऐकलं. ‘मजुरीचं काय म्हणतो तो?’

‘तेही लिहिलंय. मजुरी कमी मिळेल, पण काम जास्त वेळा मिळेल.’

‘मग त्यानं जिते पाहिलेलं नाही,’ मास्तर म्हणाले. ‘इथे भिंत पाच वर्षांनी रंगते. बाप्पा दरवर्षी.’

पाळकसाहेबांनी मग प्रेषितांच्या कृत्यांतला एकोणिसावा अध्याय वाचायला दिला. पौलाच्या प्रचारानं अर्तमी देवीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा खप घटेल म्हणून इफिसमधल्या देमेत्रिय नावाच्या सोनारानं कारागिरांना गोळा करून शहरभर दंगल माजवली, ती गोष्ट. धंदा आणि भक्ती एकमेकांत अडकली की काय होतं, हे मास्तरांना कळावं हा हेतू. मास्तरांनी अध्याय वाचला आणि पुढच्या रविवारी ओल्या डोळ्यांनी आले. ‘बायबलात कारागिरांची बाजू कोणीतरी मांडली आहे, हे मला ठाऊकच नव्हतं!’ 2020 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदीचे नियम काढले आणि हमरापूरचे कारखानदार हवालदिल झाले, तेव्हा मास्तरांनी त्यांना देमेत्रियाची गोष्ट इतकी रंगवून सांगितली की एका शेठनं विचारलं, ‘आरं मास्तर, हा देमेत्री आपल्या संघटनेत येल का?’

वास्तविक आखणीच्या कामाबद्दल मास्तरांची बाजू कच्ची नाही. ते म्हणतात, गुरुजी घरी येऊन प्राणप्रतिष्ठा करीपर्यंत मूर्ती म्हणजे माती. हे हिंदू शास्त्रच सांगतं. मी मातीला डोळे काढतो. पुढचं ज्याचं त्यानं बघावं. पौलानंही करिंथच्या मंडळीला मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाबद्दल लिहिताना मूर्ती काही नव्हे असंच म्हटलं आहे. पाळकसाहेब या मुद्द्यावर क्षणभर निरुत्तर झाले होते. पण त्याच आठवड्यात ते काही कामानं कारखान्यावर गेले आणि त्यांनी पाहिलं: शेवटचा डोळा आखून झाल्यावर मास्तर मूर्तीच्या सुपाएवढ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, ‘पोरीच्या अ‍ॅडमिशनचं तेवढं बघ.’

‘मास्तर, माती ना ही?’

‘मातीच.’

‘मग मागता कोणाकडे?’

मास्तर जरा गोंधळले. मग म्हणाले, ‘माती असेल तर बोललेलं वाया गेलं, नुकसान काही नाही. नसेल तर?’

यावरही ताण म्हणजे नामान. जुन्या करारात अरामच्या राजाचा हा सेनापती. कुष्ठ बरं झाल्यावर तो इस्राएलाच्या देवाचा भक्त झाला, आणि जाता जाता त्यानं अलीशा संदेष्ट्याकडे सवलत मागितली: माझा राजा रिम्मोनच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढं माफ व्हावं. अलीशानं त्याला शांतीनं जायला सांगितलं. एवढ्या जाड बायबलातून ही एक फट मास्तरांनी बरोबर हेरली आहे. आरतीला उभे राहिले, नामान. अंगारा घेतला, नामान. एकदा पाळकसाहेबांनी चिडून विचारलं, ‘अहो, त्याच्या हातावर राजा टेकला होता. तुमच्या हातावर कोण टेकलंय?’ मास्तर तत्काळ म्हणाले, ‘शेठ. सीझनमध्ये पुरते टेकतात.’

मंडळीतले काही वडीलधारे मास्तरांवर भलत्याच कारणानं खवळलेले असत. त्यांच्या घरी लग्नात हळद लागते, बायको मंगळसूत्र घालते, दारात रांगोळी असते. एका बैठकीत हा विषय निघाला तेव्हा पाळकसाहेबांनी प्रथमच मास्तरांची बाजू घेतली. ते म्हणाले, हा शोध गोव्यात इन्क्विझिशननं घेऊन झाला आहे. 1736 च्या फर्मानानं त्यांनी ख्रिस्ती घरांतली तुळससुद्धा उपटायला लावली, आणि माणसांची मनं होती तिथेच राहिली. त्याच गोव्यात फादर स्टीफन्सनं 1616 साली ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग सोडला नाही, कीर्तन सोडलं नाही, आणि त्यांच्या ख्रिस्तनिष्ठेबद्दल शंका घ्यायची कोणाची टाप नव्हती. टाळ कोणाचेही असोत, गाणं कोणासाठी चाललंय एवढं बघा. मास्तरांच्या घरची हळद मला खुपत नाही. मला मास्तर खुपतात.

हे मास्तरांनी दाराआडून ऐकलं आणि आपली स्तुती झाली असं समजून ते खूश झाले.

शेवटी पाळकसाहेबांनी सगळं बळ एकवटून एका रविवारी एलीयावर प्रवचन केलं. कर्मेल डोंगर, एकीकडे बालाचे साडेचारशे संदेष्टे, दुसरीकडे एकटा एलीया, आणि मध्ये दोन्ही बाजूंना पाय टाकून लंगडणारे लोक. एकाला धरा, दोघांना धराल तर दोन्ही जातील. त्या दिवशी पाळकसाहेबांचा आवाज असा चढला होता की लहान पोरं रडायची थांबली. मास्तर पहिल्या ओळीत बसून मान हलवत होते. आशेला जागा होती.

उपासना संपल्यावर ते पाळकसाहेबांकडे आले आणि हात हातात घेऊन म्हणाले, ‘डोळे उघडले माझे. हा एलीया एवढा मोठा, आणि आपल्याच जिल्ह्यात आलेला!’

झालं होतं असं. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे. एलियाहू हनाबी म्हणजे एलीया संदेष्टा तिथे येऊन गेला अशी बेने इस्राएली लोकांची श्रद्धा आहे, आणि नवस फेडायला ते तिथे मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं. हे मास्तरांना पूर्वीपासून ऐकून माहीत होतं. पण तो एलीया आणि हा एलीया एकच, हे त्यांना प्रवचनात कळलं. त्याच आठवड्यात ते पेणचे पातळ पोहे घेऊन खंडाळ्याला जाऊन आले. तिथून परतताना कोणीतरी सांगितलं की कोर्लईच्या किल्ल्याखालच्या गावात पोर्तुगीज काळापासूनचे ख्रिस्ती आहेत आणि त्यांचं चर्च कार्मेलच्या मातेचं आहे. कार्मेल म्हणजे कर्मेलच! दुसऱ्या रविवारी दुपारी मास्तर कोर्लईला. दोन डगरींवर हात ठेवू नका असं सांगणाऱ्या एका प्रवचनानं मास्तरांना आणखी दोन डगरी मिळवून दिल्या. पाळकसाहेबांनी त्यानंतर बराच काळ फक्त शेजारधर्मावर प्रवचनं केली.

या सगळ्यात मास्तरीणबाईंचं काय, असा प्रश्न पडेल. त्या या धावपळीत नसतात. रात्री भांडी आवरून झाली की ओट्याला टेकून दोन मिनिटं उभ्या राहतात आणि जे काय असेल ते येशूला सांगतात. सांगतात म्हणजे बहुतेक वेळा भांडतात. मुलगी लहानपणी तापानं फणफणली होती तेव्हा त्यांनी देवाला जे काही ऐकवलं, ते शेजारच्या आगरी काकूंनी भिंतीपलीकडून ऐकलं. ‘एवढी तर मी सासूला पन बोलले नाय कधी,’ असं काकू अजून सांगतात.

आता त्या मुलीच्या प्रवेशाची गोष्ट. मुलगी बारावी झाली, नर्सिंगला जायचं होतं, जागा थोड्या, मार्क जेमतेम. मास्तरांनी सगळ्या ठेवी एकदम कामाला लावल्या. त्यात 2024 चं पंचांग त्यांच्या मदतीला धावून आलं: 7 सप्टेंबरला गणेशचतुर्थी आणि दुसऱ्याच दिवशी 8 सप्टेंबरला मारियेचा जन्मदिवस, वांद्र्याच्या जत्रेचा आरंभ. मास्तरांच्या मते असा योग साधूनच मुलगी बारावी झाली होती. शनिवारी शेठच्या घरी मोदक आणि आरती, रविवारी पहाटे उठून वांद्र्याला मेणाचा पुतळा. तिथे हात-पाय-घर असं सगळं मेणाचं मिळतं. पण नर्सिंग कॉलेज मिळालं नाही, म्हणून त्यांनी घर घेतलं आणि मोतमावलीला खुणेनं समजावून सांगितलं. माहीमचे बुधवार चालूच होते. शुक्रवारवाल्यांनी तेल लावलं. पालीला नारळ, रोह्याला नारळ, खंडाळ्याला पोहे, आणि आमच्या मंडळीत प्रार्थनेच्या विनंत्यांच्या वहीत सुवाच्य अक्षरात नोंद.

आणि मुलीला प्रवेश मिळाला.

आनंदीआनंद झाला, पण मास्तरांचा चेहरा उतरला. फेडायचं कोणाचं? ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. यादी लागली बुधवारी संध्याकाळी, म्हणजे माहीम. पण नंबर तिसऱ्या फेरीत आला, आणि तिसरी फेरी जाहीर झाली मंगळवारी, म्हणजे पाली. फी-सवलतीचं पत्र शुक्रवारी, म्हणजे तेलवाले. कॉलेजच्या इमारतीवर क्रूस आहे. म्हणजे सरळच झालं, पण प्राचार्यांच्या टेबलावर गणपती आहे. अभ्यास मुलीनं केला होता, हा मुद्दा मास्तरीणबाईंनी मांडून पाहिला. मास्तरांनी तो विचारात घेतला नाही.

पुढच्या रविवारी उपासनेत साक्षीची वेळ आली. आमच्याकडे ज्याच्यावर कृपा झाली तो उठून सगळ्यांसमोर सांगतो आणि प्रभूचे आभार मानतो. मास्तर उठले. रंगकामाचे डाग पडू नयेत म्हणून राखून ठेवलेला पांढरा शर्ट घातला होता. ‘माझ्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला,’ ते म्हणाले. मंडळीनं ‘आमेन’ म्हटलं. ‘त्याबद्दल मी...’ आणि ते थांबले. नुसते प्रभूचे आभार मानले तर वांद्र्याला काय वाटेल? मोतमावलीचं नाव घेतलं तर पाळकसाहेब समोर बसलेत. बाप्पाचं तर इथे काढायची सोय नाही, आणि नाही काढलं तर उद्या सकाळी त्याच्याच समोर बसून डोळे आखायचे आहेत. कपाळावर घाम आला. कधी न हलणारा हात थरथरला. शेवटी त्यांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, ‘...संबंधित सर्वांचे आभार मानतो.’

मंडळीत आधी शांतता आणि मग हशा. पाळकसाहेब हसले नाहीत. नंतर ते मला जे म्हणाले ते मला पटलं, म्हणून इथे माझ्या शब्दांत सांगतो.

दुहेरी भक्तीचा धोका आपण नेहमी देवाच्या बाजूनं सांगतो: देव ईर्ष्यावान आहे, तो रागावतो, शिक्षा करतो. मास्तरांवर मात्र कोणी रागावलेलं दिसत नाही. मुलीला प्रवेश मिळाला, धंदा चाललाय, तब्येत ठीक आहे. त्यांचं नुकसान झालंय ते दुसरीकडेच. मागणं दहा ठिकाणी वाटून मागता येतं. आभार वाटून मानता येत नाहीत. ते एका तोंडाकडे बघूनच मानावे लागतात. आयुष्यात एवढी मोठी आनंदाची गोष्ट घडली, आणि ‘तू केलंस’ असं म्हणायला मास्तरांकडे कोणी उरला नाही.

आणि वाईट घडतं तेव्हाही हीच गत. एका पावसाळ्यात पाणी कारखान्यात शिरलं आणि शाडूच्या रंगवलेल्या मूर्तींचा पुन्हा चिखल झाला. हंगामाची मजुरी गेली. मास्तर नुसते बसून राहिले. कोणाशी भांडणार? ज्याच्याकडे आपण थोडंसंच ठेवलं, त्याला सगळ्याचा जाब विचारायचं तोंड नसतं. ईयोब देवाशी भांडला, यिर्मया भांडला. आपले तुकोबा तर विठ्ठलाला नाही नाही ते बोलले. त्यांचा तो अधिकार होता, कारण त्यांनी दुसरीकडे काही ठेवलंच नव्हतं. मास्तरीणबाई भांडतात त्या या अधिकारानं. प्रवेशाची बातमी आली त्या रात्री ओट्याशी उभ्या राहून त्या म्हणाल्या होत्या, ‘ऐकलंस एकदाचं. उशीर केलास, पण ऐकलंस.’ मास्तर बाहेर यादी करत होते.

माहीमच्या फादरांना किंवा पालीच्या गुरुजींना विचारलं असतं, तरी त्यांनी मास्तरांना हेच सांगितलं असतं असं मला वाटतं. कुठलंच दैवत आपल्या भक्ताकडून ‘संबंधित’ म्हणवून घ्यायला बसलेलं नाही.

मंडळी मात्र त्या रविवारी पोट धरधरून हसली. ‘संबंधित सर्व’ हा शब्द चहाच्या वेळी दहा तोंडांतून दहा वेळा निघाला. चहा झाल्यावर कमिटीची बैठक होती. विषय एकच: चर्चच्या मागची मोकळी जागा. एका बिल्डरनं विचारणा केली होती. बैठकीच्या आधी प्रार्थना झाली ती दोन मिनिटं. बैठक चालली अडीच तास. एफएसआय, रेडी रेकनर, मंडळीला किती गाळे, कमिटीच्या माणसांना प्राधान्य असावं की नसावं. मघाशी सगळ्यात जोरात हसलेल्या वडीलधाऱ्यांचा आवाज आता सगळ्यात वर होता. पाळकसाहेब कोपऱ्यात बसून मत्तयचा सहावा अध्याय चाळत होते. दोन धन्यांची चाकरी होत नाही असं येशू तिथे सांगतो. आणि त्यानं देवाच्या जोडीला दुसरा धनी म्हणून बाल, रिम्मोन किंवा अर्तमी यांच्यापैकी कोणाचंही नाव घेतलेलं नाही. त्यानं पैशाचं घेतलं आहे. मास्तर त्या बैठकीत नव्हते. ते निदान आपले धनी पाकिटात घालून उघडपणे हिंडतात. बाकीच्यांची पाकिटं कोणी तपासत नाही.

साक्षीच्या प्रसंगाचा मास्तरांना धक्का बसला हे खरं. काही दिवस ते गप्प गप्प होते. मग एका संध्याकाळी पाळकसाहेबांकडे आले आणि म्हणाले, ‘पटलं मला. इतकी वर्षं मी सगळ्यांचा होऊन कोणाचाच झालो नाही. आता एकाचंच व्हायचं.’

पाळकसाहेबांना गहिवरून आलं. त्यांनी मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मास्तरांनी मनापासून ‘आमेन’ म्हटलं, डोळे पुसले आणि गाडी गाठायला निघाले.

चार दिवसांनी मास्तरीणबाई मला पनवेलच्या बाजारात भेटल्या. ‘मास्तर आता एकनिष्ठ झाले म्हणे?’ मी विचारलं.

‘व्हायचंय ना,’ त्या म्हणाल्या. ‘पण मन लगेच एका ठिकाणी बसत नाही म्हणतात. म्हणून एकनिष्ठा मिळावी यासाठी माहीमचे नऊ बुधवार धरलेत. पालीला एकवीस मोदक बोललेत. शुक्रवारवाल्यांकडून रोज फोनवर प्रार्थना करून घेतात. आणि आमच्या चर्चच्या वहीतही नाव लिहिलंय, ते तुम्ही वाचलंच असेल.’

‘आणि समजा मिळाली एकनिष्ठा?’

‘तर कोणाकोणाचं काय फेडायचं, याची यादी तयार आहे,’ मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या भावावरून भांडायला लागल्या.